वेल्समधील २० मैल वेगमर्यादा

वेल्समधील २० मैल वेगमर्यादा ही युनायटेड किंग्डमचा घटक असलेल्या वेल्स या देशात १७ सप्टेंबर २०२३ रोजी लागू झालेली, वस्तीतील रस्त्यांसाठीची सर्वसाधारण वेगमर्यादा आहे. त्यापूर्वी अशा रस्त्यांवर ताशी ३० मैल (सुमारे ४८ किलोमीटर) ही मर्यादा होती. ती ताशी २० मैल (सुमारे ३२ किलोमीटर) करण्यात आली. असा बदल संपूर्ण देशाच्या पातळीवर करणारा वेल्स हा युनायटेड किंग्डममधील पहिला घटकदेश ठरला. अपघातांची तीव्रता कमी करणे आणि लोकांना पायी व सायकलने फिरणे सुरक्षित वाटावे, हे या बदलाचे घोषित उद्देश होते.

वेगमर्यादा कमी केल्याने वाहनांचा प्रत्यक्ष वेग तेवढ्याच प्रमाणात कमी होत नाही. फलकावरील आकडा एका रात्रीत बदलता येतो. चालकाची सवय, रस्त्याचा अंदाज आणि मागून येणाऱ्या वाहनाचा दबाव मात्र हळूहळू बदलतात. त्यामुळे वेल्समधील बदलाचा अभ्यास कायद्याइतकाच चालकांच्या अनुकूलनाचाही अभ्यास आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये ताशी २० मैल हा आकडा नवीन नाही. १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ताशी ४ मैल अशी मर्यादा घातली होती. १८९६ मध्ये ही मर्यादा ताशी १४ मैल झाली आणि १९०३ च्या मोटारगाडी कायद्याने ती ताशी २० मैल करण्यात आली. मोटारींची संख्या वाढत गेली तसे या मर्यादेचे पालन दुर्मीळ होत गेले. अखेर १९३० च्या कायद्याने मोटारींसाठीची वेगमर्यादाच रद्द करण्यात आली.

१९३४ मध्ये ब्रिटनमधील रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्यानुसार १८ मार्च १९३५ पासून वस्तीतील रस्त्यांवर ताशी ३० मैल मर्यादा लागू झाली. लेस्ली होर-बेलिशा हे त्या वेळी वाहतूकमंत्री होते. पुढील सुमारे नऊ दशके ही मर्यादा कायम राहिली आणि अनेक पिढ्यांतील चालकांनी गाडी शिकताना हाच वेग ‘गावातला वेग’ म्हणून आत्मसात केला.

१९९० च्या दशकापासून ब्रिटनमधील निवडक निवासी भागांत ताशी २० मैलांची क्षेत्रे निर्माण होऊ लागली. सुरुवातीच्या अशा क्षेत्रांत गतिरोधक, अरुंद केलेले रस्ते किंवा मुद्दाम दिलेली वळणे यांच्या साहाय्याने वेग कमी करण्यावर भर होता. पुढे केवळ फलक लावून मर्यादा कमी करण्याची पद्धत रूढ झाली, कारण ती बरीच स्वस्त होती.

कायदा व अंमलबजावणी

२०१७ च्या वेल्स कायद्याने वेगमर्यादा ठरवण्याचे अधिकार वेल्सकडे सोपवले. २०१९ मध्ये प्रथम मंत्री मार्क ड्रेकफर्ड यांनी २० मैल मर्यादेला पाठिंबा जाहीर केला. त्यानंतर नेमलेल्या कृतिगटाने २०२० मध्ये आपला अहवाल दिला. २०२१ पासून अ‍ॅबरगॅव्हनी, सेंट डॉगमेल्स, बकली, उत्तर लानेल्ली आणि कार्डिफचा काही भाग यांसह आठ ठिकाणी प्रायोगिक अंमलबजावणी सुरू झाली. जुलै २०२२ मध्ये सेनेदने, म्हणजे वेल्सच्या संसदेने, हा बदल संमत केला. ली वॉटर्स हे संबंधित उपमंत्री होते.

ही मर्यादा ‘निर्बंधित रस्ता’ या कायदेशीर संज्ञेशी जोडलेली आहे. ज्या रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांमध्ये २०० यार्डांपेक्षा (सुमारे १८३ मीटर) अधिक अंतर नसते, तो सामान्यतः निर्बंधित रस्ता मानला जातो. अशा रस्त्यावर मर्यादेचे फलक ठरावीक अंतराने पुन्हा लावले जात नाहीत. रांगेने उभे असलेले दिव्यांचे खांब हीच चालकासाठी खूण असते. बदलानंतर याच खुणेचा अर्थ इंग्लंडमध्ये ३० मैल आणि वेल्समध्ये २० मैल असा झाला. सीमा ओलांडणाऱ्या चालकांसाठी म्हणून वेल्सच्या हद्दीवर सूचनाफलक लावण्यात आले.

स्थानिक प्रशासनांना काही रस्ते अपवाद म्हणून ३० मैलांवर ठेवण्याची मुभा होती. शाळा, रुग्णालय किंवा समाजकेंद्र १०० मीटरच्या चालण्याच्या अंतरात असेल, अथवा रस्त्यालगत दर किलोमीटरला २० पेक्षा अधिक घरे वा दुकाने असतील, तर तो रस्ता २० मैलांवरच असावा, अशी मार्गदर्शक सूचना होती. प्रत्येक प्रशासनाने या निकषांचा अर्थ सारखा लावला नाही. काही भागांत अपवाद पुष्कळ झाले, तर काही भागांत फारच थोडे. अंमलबजावणीचा खर्च सुमारे ३.३ कोटी पौंड होता.

वेग आणि थांबण्याचे अंतर

वेगातील १० मैलांचा फरक चालकाला किरकोळ वाटतो. थांबण्याच्या अंतरात तो मोठा असतो. ब्रिटनच्या अधिकृत वाहतूक नियमावलीनुसार ताशी २० मैल वेगाने जाणारी मोटार एकूण १२ मीटरमध्ये थांबते. यातील ६ मीटर धोका लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत जातात आणि उरलेले ६ मीटर प्रत्यक्ष ब्रेक लागल्यावर. ताशी ३० मैल वेगाला हेच अंतर ९ आणि १४ मिळून २३ मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते.

एका उदाहरणाने हा फरक स्पष्ट होतो. मोटारीपुढे १२ मीटर अंतरावर एखादे मूल अचानक रस्त्यावर आले, तर २० मैल वेगाची गाडी त्याच्याजवळ पोहोचताना थांबलेली असेल. ३० मैल वेगाची गाडी पहिले ९ मीटर ब्रेक न लागताच पार करते आणि उरलेल्या ३ मीटरमध्ये तिचा वेग फारसा उतरत नाही. ती मुलापर्यंत पोहोचते तेव्हाही तिचा वेग ताशी सुमारे २६ मैल असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ३० मैल वेगातील गाडीची ऊर्जा २० मैल वेगातील त्याच गाडीच्या सव्वादोन पट असते.

स्वीडिश संशोधक गोरान निल्सन यांनी मांडलेल्या सूत्रानुसार सरासरी वेग बदलला की इजा होणाऱ्या अपघातांची संख्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, तर मृत्यू होणाऱ्या अपघातांची संख्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. नंतरच्या अभ्यासांत शहरी रस्त्यांसाठी हे घातांक काहीसे कमी आढळले आहेत. तरीही वेगातील थोडीशी घट अपघातांत त्याहून मोठी घट घडवते, हा मूळ निष्कर्ष कायम आहे.

चालकांचे अनुकूलन

रस्त्याने सुचवलेला वेग: बहुतेक चालक सतत वेगदर्शकाकडे पाहून गाडी चालवत नाहीत. रस्त्याची रुंदी, दृष्टीच्या टप्प्यात येणारे अंतर, कडेला उभ्या असलेल्या गाड्या, घरांची जवळीक आणि पादचाऱ्यांची वर्दळ यांवरून ते योग्य वेगाचा अंदाज बांधतात. अरुंद गल्लीत २० मैलांचा वेग आपोआप साधला जातो. रुंद, सरळ व मोकळ्या रस्त्यावर तोच वेग चालकाला अनैसर्गिकरीत्या मंद वाटतो. वेल्समधील बदल प्रामुख्याने फलकांद्वारे झाल्यामुळे रस्त्यांची रचना बहुतांशी पूर्वीसारखीच राहिली. परिणामी अनेक ठिकाणी फलक एक वेग सांगत होता आणि रस्ता दुसराच सुचवत होता.

वेगाची सवय: अधिक वेगाने बराच वेळ गाडी चालवल्यानंतर कमी वेग प्रत्यक्षाहून आणखी मंद भासतो. महामार्गावरून गावात शिरणाऱ्या चालकाला ३० मैलदेखील संथ वाटतात. २० मैल तर गाडी जवळजवळ उभी असल्यासारखे वाटतात. हा परिणाम काही काळाने ओसरतो, परंतु गावाच्या वेशीवरील पहिल्या काही शे मीटरमध्ये तो विशेष जाणवतो.

गाडी चालवण्यातील बदल: ३० मैल वेगासाठी रुळलेला गिअर २० मैल वेगाला अनेकदा जड पडतो. हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या गाडीत चालकाला एक गिअर खाली यावे लागते. जुना गिअर कायम ठेवल्यास नकळत वेग वाढवण्याकडे कल होतो. सुरुवातीच्या काळात वेगदर्शकाकडे वारंवार पाहावे लागते, अशी तक्रार अनेक चालकांनी केली. वेगमर्यादक यंत्रणा असलेल्या गाड्यांत ही अडचण कमी होते.

पुढच्या गाडीचा परिणाम: एकेरी मार्गिकेच्या रस्त्यावर सर्वांत पुढे असलेली गाडी मागच्या सर्व गाड्यांचा वेग ठरवते. म्हणून मर्यादा पाळणारे चालक संख्येने थोडे असले, तरी रहदारीच्या वेळी त्यांचा प्रभाव मोठा असतो. याची दुसरी बाजू अशी की, मर्यादा पाळणाऱ्या चालकाला मागची गाडी अगदी जवळ आल्याचा दबाव सहन करावा लागतो. क्वचित धोकादायक रीतीने ओव्हरटेक करण्याचे प्रकारही घडतात. मर्यादा पाळणाऱ्यांचे प्रमाण वाढते तसा हा दबाव कमी होत जातो, कारण तेव्हा संथ चालणारी गाडी अपवाद राहत नाही.

आंशिक पालन: नवीन मर्यादेखाली न येताही चालक आपला पूर्वीचा वेग कमी करतात. पूर्वी ३३ मैलांनी जाणारा चालक २६ मैलांवर येतो. कायद्याच्या दृष्टीने तो अद्याप नियम मोडत असतो. थांबण्याच्या अंतराच्या दृष्टीने मात्र मोठा फरक पडलेला असतो. त्यामुळे ‘किती जण मर्यादा पाळतात’ आणि ‘सरासरी वेग किती उतरला’ या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच रस्त्यावर परस्परविरोधी वाटू शकतात.

अंमलबजावणीतील सौम्यता

वेल्समध्ये सुरुवातीला दंडापेक्षा प्रबोधनावर भर देण्यात आला. कारवाईची सुरुवात सामान्यतः ताशी २६ मैलांपासून ठेवण्यात आली. म्हणजे अनवधानाने थोडा अधिक वेग झालेल्या चालकांना वगळण्यात आले. काही ठिकाणी वेगभंग करणाऱ्या चालकाला दंड आणि परवान्यावरील गुण स्वीकारण्याऐवजी रस्त्याच्या कडेलाच अग्निशमन दलाच्या कर्मचाऱ्यांकडून अपघातांविषयी थोडक्यात माहिती ऐकण्याचा पर्याय दिला गेला.

या धोरणामागे व्यावहारिक कारण होते. बहुसंख्य लोक एखादा नियम पाळत नसतील, तर केवळ दंडाच्या बळावर तो टिकवणे कठीण जाते. २० मैलांच्या जुन्या मर्यादेचा १९३० पर्यंतचा इतिहास याची साक्ष देतो.

परिणाम

अंमलबजावणीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांतील अधिकृत मोजणीनुसार वस्तीतून जाणाऱ्या प्रमुख रस्त्यांवरील सरासरी वेग ताशी सुमारे २९ मैलांवरून सुमारे २५ मैलांवर आला. म्हणजे मर्यादा १० मैलांनी उतरली, तर प्रत्यक्ष वेग सुमारे ४ मैलांनी. सरासरी वेग नव्या मर्यादेच्या वरच राहिला.

अपघातांच्या पोलीस नोंदींनुसार २० आणि ३० मैल मर्यादेच्या रस्त्यांवरील मृत व जखमींची एकत्रित संख्या पहिल्या वर्षात आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने घटली. अनेक रस्ते एका गटातून दुसऱ्या गटात गेल्यामुळे दोन्ही गटांची बेरीज करूनच तुलना करणे आवश्यक ठरते. निल्सन यांच्या वर्गाच्या सूत्रात २९ आणि २५ हे आकडे घातल्यास येणारी अपेक्षित घटही जवळपास एवढीच आहे. तथापि अपघातांची संख्या वर्षागणिक कमीअधिक होत असल्याने निश्चित निष्कर्षासाठी किमान तीन वर्षांची आकडेवारी आवश्यक असल्याचे अधिकृत सांख्यिकी अहवालांत नमूद केलेले आहे.

विरोध आणि फेरविचार

या बदलाला तीव्र विरोध झाला. निर्णय रद्द करण्याची मागणी करणाऱ्या सेनेदच्या ऑनलाइन याचिकेवर सुमारे ४ लाख ७० हजार स्वाक्षऱ्या झाल्या. सुमारे ३१ लाख लोकसंख्येच्या देशात हा आकडा अभूतपूर्व होता आणि सेनेदच्या इतिहासातील ती सर्वाधिक स्वाक्षऱ्यांची याचिका ठरली. अनेक ठिकाणी नवीन फलकांवर रंग फासण्यात आला.

विरोधकांचा मुख्य आक्षेप प्रवासवेळेचा होता. शासनाच्याच पूर्वपरिणाम आढाव्यात ३० वर्षांच्या हिशेबाने सुमारे ४.५ अब्ज पौंडांचा निव्वळ आर्थिक तोटा दाखवण्यात आला होता आणि त्याचे प्रमुख कारण वाढलेला प्रवासवेळ हे होते. समर्थकांच्या मते, प्रत्येकाच्या प्रवासातील अगदी थोड्या वाढीची देशभरची बेरीज केल्याने हा आकडा फुगलेला दिसतो. एक मैल अंतर ३० मैल वेगाने २ मिनिटांत आणि २० मैल वेगाने ३ मिनिटांत पार होते. म्हणजे मैलामागे अधिकात अधिक १ मिनिट वाढते. चौक, सिग्नल आणि गर्दी यांमुळे वस्तीतील गाडी अखंड ३० मैल वेगाने धावत नसल्याने प्रत्यक्ष फरक याहून कमी असतो. तथापि एकाच मार्गावर दिवसभर फेऱ्या करणाऱ्या बसच्या बाबतीत ही मिनिटे साचत जातात. काही बसमार्गांची वेळापत्रके त्यामुळे बदलावी लागली.

दुसरा आक्षेप सरसकटपणाचा होता. घरे नसलेल्या, पादचारी क्वचित दिसणाऱ्या काही रस्त्यांवरही केवळ दिव्यांच्या खांबांमुळे २० मैल मर्यादा लागू झाली होती. अशा रस्त्यांवर मर्यादेचे प्रयोजन दिसत नसल्याने चालक ती मोडत आणि एकूण नियमाविषयीचा आदरही कमी होई.

मार्च २०२४ मध्ये वाहतूक खाते केन स्केट्स यांच्याकडे आले. त्यांनी सर्वसाधारण मर्यादा २० मैलच ठेवून काही रस्ते पुन्हा ३० मैलांवर नेण्याची वाट मोकळी केली. जुलै २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांत शाळा, रुग्णालये आणि दाट वस्ती यांलगतचे रस्ते २० मैलांवरच ठेवण्याचे तत्त्व कायम राहिले. नागरिकांच्या सूचना विचारात घेऊन स्थानिक प्रशासनांनी रस्त्यागणिक निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा होती.

इतर ठिकाणचे अनुभव

ब्रिटनच्या वाहतूक विभागासाठी झालेल्या आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ फलकांवर आधारित २० मैल मर्यादेचा परिणाम तपासण्यात आला. निवासी भागांत मध्यक वेग ताशी ०.७ मैलाने आणि शहरांच्या मध्यवर्ती भागांत ०.९ मैलाने कमी झाल्याचे आढळले. पूर्वी अधिक वेगाने जाणाऱ्या चालकांनी आपला वेग इतरांहून अधिक उतरवला होता. बेलफास्टच्या मध्यवर्ती भागात २०१६ मध्ये लागू झालेल्या मर्यादेविषयीच्या अभ्यासातही वेगात व अपघातांत फारसा फरक आढळला नाही. वेल्समधील घट या अनुभवांच्या तुलनेत मोठी आहे. वेल्समधील मर्यादा काही निवडक गल्ल्यांपुरती नव्हती, पूर्वीचा वेग अधिक असलेले प्रमुख रस्तेही तिच्या कक्षेत आले आणि तिची चर्चा घरोघरी झाली, हे फरक येथे विचारात घ्यावे लागतात.

युरोपात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा अधिक रूढ आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ मध्ये प्रमुख रस्ते वगळता संपूर्ण शहरात ती लागू केली. तेथील सुरुवातीचा विरोध पुढे ओसरला. ब्रुसेल्स व पॅरिस यांनी २०२१ मध्ये आणि अ‍ॅमस्टरडॅमने डिसेंबर २०२३ मध्ये बहुतांश रस्त्यांवर ही मर्यादा आणली. स्पेनमध्ये ११ मे २०२१ पासून प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या शहरी रस्त्यांवर ३० किलोमीटर, दोन वा अधिक मार्गिका असलेल्या रस्त्यांवर ५० किलोमीटर आणि पदपथ व रस्ता एकाच पातळीवर असलेल्या ठिकाणी २० किलोमीटर अशी त्रिस्तरीय रचना आहे. या पद्धतीत चालकाला रस्त्याकडे पाहूनच मर्यादेचा अंदाज येतो. हेलसिंकीत निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० किलोमीटर मर्यादा असून तिच्या जोडीला रस्त्यांची पुनर्रचना आणि स्वयंचलित कॅमेरे यांचा उपयोग करण्यात आला. जुलै २०२५ पर्यंतच्या १२ महिन्यांत त्या शहरात रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही.